तोंडही त्याचं, गळाही त्याचाच

ऑपेराशी आपली पहिली ओळख बहुतेक वेळा कार्टूनमधून होते. शिंगांचा टोप घातलेली भली थोरली बाई तोंड उघडते आणि समोरच्याच्या हातातला काचेचा ग्लास फुटतो. ओळख त्यापुढे जात नाही, कारण तिला पुढे जायला जागाच नसते. आमच्या छत्रपती संभाजीनगरात ऑपेरा होत नाही. मुंबईत होतो, पण तोही क्वचित. त्यामुळे माझ्यासारख्याला ऑपेरा भेटलाच तर पडद्यावरच भेटणार. हा लेख त्या पडद्याबद्दल आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ रोजी मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट'चा प्रयोग सिनेमागृहांत थेट दाखवला. पीटर गेल्ब त्याच वर्षी संस्थेचे जनरल मॅनेजर झाले होते. शनिवारी दुपारी एकचा खेळ, रंगमंचाभोवती लावलेले कॅमेरे, सॅटेलाइटवरून प्रक्षेपण, आणि हजार मैलांवरच्या मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न घेऊन बसलेला प्रेक्षक. या मालिकेचं नाव 'लाइव्ह इन एचडी'. २००९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने नाटकांसाठी हाच मार्ग धरला. आज परदेशातल्या कितीतरी छोट्या गावांत लोक 'ऑपेराला जातो' म्हणतात, तेव्हा त्यांना जवळचं सिनेमागृहच म्हणायचं असतं.

आपल्याकडे घड्याळ आडवं येतं. न्यूयॉर्कची दुपारची एक म्हणजे आपली रात्रीची साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. तीन-चार तासांचा ऑपेरा पहाटेच संपणार. म्हणून मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, या प्रयोगांची रेकॉर्डिंग नंतर दाखवतं. तिथल्या गोदरेज डान्स थिएटरात मी पुच्चिनीचा 'तोस्का' पाहिला. शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद करून देवगिरी एक्सप्रेस पकडली, सकाळी सीएसएमटीला उतरलो, ऑपेरा पाहिला आणि परत आलो.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "म्हणजे तू मुंबईला जाऊन सिनेमाच बघून आलास?"

"सिनेमा नाही बाबा, ऑपेरा."

"पडद्यावर होता ना? मग सिनेमाच."

बाबांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पडद्यावर पाहिलेला प्रयोग म्हणजे नक्की काय? तो सिनेमा आहे, नाटक आहे, की नाटकाची झेरॉक्स? झेरॉक्स असेल तर आमच्यासारख्या गावांनी झेरॉक्सवर समाधान मानायचं का? मला हे शोधायचंय, कारण उद्या हाच प्रश्न आपल्या संगीत नाटकाबद्दल येणार आहे. खरं तर तो आलेलाच आहे.

*

आधी जे मिळतं त्याबद्दल.

'तोस्का' १९०० साली रोममध्ये पहिल्यांदा झाला. कथाही रोमचीच आहे, १८०० सालची. तोस्का गायिका आहे. तिचा प्रियकर पोलिसांच्या तावडीत आहे. पोलीसप्रमुख स्कार्पिया तिला सांगतो की तू माझी झालीस तर त्याला सोडतो. दुसऱ्या अंकात, शेजारच्या खोलीत प्रियकराचा छळ झाल्यानंतर, तोस्का एकटी गाते. त्यात ती देवाकडे दाद मागते. हे सगळं हिंदी सिनेमात शंभरदा झालंय. कथा म्हणून त्यात नवं काही नाही.

नवं होतं ते पडद्यावरच्या गायिकेच्या मानेत. कॅमेरा इतका जवळ गेला होता की श्वास घेताना तिच्या बरगड्या कशा रुंदावतात हे दिसत होतं. जबडा किती खाली येतो, जीभ कुठे असते, सूर वर जाताना कपाळावर काय होतं, सगळं दिसत होतं. सूर लांबला तेव्हा ओठांचा कडेचा भाग किंचित थरथरत होता. आणि तो थरथरणारा सूर त्याच क्षणी, त्याच गळ्यातून येत होता.

मी लहानपणापासून पडद्यावर माणसं गाताना पाहतोय. तरी पडद्यावर गाणारं तोंड आणि ऐकू येणारा गळा एकाच माणसाचा, एकाच क्षणाचा असतो, असं क्वचितच पाहिलंय. आपल्याकडे पार्श्वगायन १९३५ साली आलं. न्यू थिएटर्सचा 'भाग्यचक्र' आणि त्याचा हिंदी अवतार 'धूप छाँव' हे त्याची सुरुवात मानले जातात. तेव्हापासून तोंड एकाचं आणि गळा दुसऱ्याचा, ही सोय आपण इतकी पचवलीय की ती सोय आहे हेही विसरलोय. पडद्यावरची नटी डोंगर चढताना गाते आणि तिला धाप लागत नाही. आपल्याला त्यात खटकत काहीच नाही.

आता मराठीकडे या. गेल्या काही वर्षांत संगीत नाटकाला पडद्यावर आणण्याचे तीन मोठे प्रयत्न झाले आणि तिन्हींत सुबोध भावे होते. २०११ चा 'बालगंधर्व' (दिग्दर्शक रवी जाधव), २०१५ चा 'कट्यार काळजात घुसली' आणि १० जानेवारी २०२५ ला आलेला 'संगीत मानापमान'. 'बालगंधर्व'मध्ये चेहरा भाव्यांचा, गळा आनंद भाटे यांचा. 'कट्यार'मध्ये खाँसाहेब सचिन पिळगांवकर, गळा राहुल देशपांडे यांचा. गाणी उत्तम आहेत, गायक उत्तम आहेत, तिकीट काढून गेलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांना नाट्यसंगीत नावाची चीज त्यामुळेच कळली. हे श्रेय मोठं आहे आणि ते कमी करायची माझी इच्छा नाही.

पण १९६७ च्या मूळ 'कट्यार'मध्ये, पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकात, खाँसाहेब होते वसंतराव देशपांडे. ते स्वतः उभे राहून गायचे. नाटकाचा विषयच गळा आहे. कुणाचा गळा, कुणाच्या घराण्याचा, तो चोरता येतो का, दुसऱ्याला देता येतो का. असं नाटक पडद्यावर जाताना गळाच दुसऱ्याच्या तोंडात बसवावा लागला. सिनेमा म्हणून यात गैर काही नाही, तो त्या माध्यमाचा नियम आहे. फक्त नाटकात जी गोष्ट पणाला लागलेली असते, ती इथे पणाला लागत नाही. स्टुडिओत सूर हलला तर दुसरा टेक असतो.

आमच्या धंद्यात दोन प्रकारचा कोड असतो. एक डेमोला चालवायचा. तो मॅनेजरसमोर कधीच पडत नाही, कारण कुठे क्लिक करायचं हे आधी ठरलेलं असतं. दुसरा प्रॉडक्शनवर चालतो, जिथे रात्री दोन वाजता कुणीही काहीही करू शकतं. दोन्ही कोडच आहेत, पण झोप उडते ती दुसऱ्यामुळे. नाट्यसंगीतावरचे आपले चित्रपट हे देखणे डेमो आहेत. ऑपेराचं प्रक्षेपण प्रॉडक्शनवर असतं. रेकॉर्डिंग महिनाभराने पाहिलं तरी त्यातला 'लाइव्ह' हा शब्द पुरता खोटा होत नाही. त्याचा अर्थ 'आत्ता' एवढाच नाही. गाणाऱ्याला त्या दिवशी, त्या दुपारी, एकच संधी होती, हाही त्याचा अर्थ आहे.

तेव्हा बाबांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: तो सिनेमा नाही. सिनेमाला जे दाखवायचं नसतं तेच तो दाखवतो, म्हणजे गाण्याचे कष्ट.

*

आता जे जातं त्याबद्दल. ते बरंच आहे.

पहिलं म्हणजे आवाजाचं आकारमान. मेटच्या प्रेक्षागृहात सुमारे ३,८०० लोक बसतात आणि गायक माइकशिवाय गातात. पूर्ण ऑर्केस्ट्रा ओलांडून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा, हा ऑपेरा गायकीचा पाया आहे. ती कवटीला हेडफोन लावून करायची गोष्ट नव्हे, ती छाती-पोटातून करायची गोष्ट आहे. प्रक्षेपणासाठी मात्र माइक लावावेच लागतात आणि माइकला लहान-मोठं कळत नाही. ज्याचा आवाज सभागृह भरतो तो, आणि ज्याचा पाचव्या रांगेपर्यंत जेमतेम पोचतो तो, सिनेमागृहाच्या स्पीकरमधून दोघेही सारखेच भारी ऐकू येतात. व्हॉल्यूमचं बटण तिसऱ्याच माणसाच्या हातात असतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हे गायक आयुष्य घालवतात, तीच गोष्ट पडद्यावर मोजता येत नाही. क्लोज-अपमध्ये कष्ट दिसतात, कष्टाचं फळ किती मोठं होतं ते कळत नाही.

इथे आपली गोष्ट आठवते. बालगंधर्वांच्या कंपनीत ऑर्गन, सारंगी आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा, असा जामानिमा असे, आणि त्या काळाचा बराच भाग माइकविना गेला. आज आपली संगीत नाटकं माइकवर होतात. त्यामुळे आवाजाचं खरं आकारमान आपल्या कानांनाही उरलेलं नाही. पडद्याने ऑपेरातून जे काढून घेतलं, ते आपल्या रंगमंचाने पडद्याशिवायच देऊन टाकलंय.

दुसरं म्हणजे कुठे बघायचं याचं स्वातंत्र्य. रंगमंचासमोर बसलेला माणूस स्वतःच एडिटर असतो. नायिका गात असताना तो कोपऱ्यातल्या नोकराकडे बघू शकतो. प्रक्षेपणात हा हक्क ओबी व्हॅनमधल्या दिग्दर्शकाकडे जातो. मेटचे हे दिग्दर्शक तयारीचे असतात, संगीत वाचून शॉट आधी ठरवतात. पण त्यांना शांत राहवत नाही. सहा जण एकत्र गाताहेत, प्रत्येकाचा सूर वेगळा, भाव वेगळा, आणि सगळी गंमत सहा जण एका वेळी दिसण्यात आहे, अशा जागी पडद्यावर एकेकाचा चेहरा येत-जात राहतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज धावत येताना फलंदाजाच्या बुटांचा क्लोज-अप दाखवावा तसं ते होतं.

तिसरं मध्यंतर. मेटच्या प्रक्षेपणात मध्यंतरात दुसरा एखादा मोठा गायक किंवा गायिका सूत्रधार होऊन येते आणि नुकताच अंक संपवून आत आलेल्या कलाकारांना विंगेतच गाठते. त्यांचा घाम पुसलेला नसतो. मागे सेट हलवणारे कामगार भिंती ढकलत असतात. सेट हलताना पाहणं मला फार आवडलं. तीन मजली घर चाकांवर कसं सरकतं हे कुठल्याही इंजिनिअरला आवडेल. मुलाखती मात्र नकोशा वाटल्या. जी बाई दोन मिनिटांपूर्वी खून करून आत आली, ती हसत हसत सांगते की ही भूमिका मला किती प्रिय आहे. आपल्याकडे रंगपटात जाऊन भेटायची पद्धत आहे, पण ती नाटक संपल्यावर. अंकाच्या मध्ये रंग उतरवायचा नसतो.

आणि चौथी गोष्ट प्रेक्षक. याबद्दल थोडं लांबून बोलावं लागेल.

*

१८८२ साली दोन गोष्टी घडल्या. जर्मनीत बायरॉइटला रिचर्ड वॅग्नरचा 'पार्सिफाल' झाला आणि पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' रंगमंचावर आलं. दोन वर्षं आधी, १८८० मध्ये, किर्लोस्करांनीच 'शाकुंतल' आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घातला होता. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण दोन्हीकडे गाणं आणि नाटक एकत्र आणायची खटपट चालली होती आणि प्रेक्षकाचं काय करायचं याची उत्तरं उलटी निघाली.

वॅग्नरने बायरॉइटच्या नाट्यगृहात दिवे मालवले, वादकांना रंगमंचाखाली झाकलेल्या खड्ड्यात बसवलं, आणि प्रेक्षकाला गप्प बसायला शिकवलं. आपल्याकडे प्रेक्षकाने 'वन्समोअर' म्हणायला शिकून घेतलं. कृष्ण गातोय, पद संपलं, लोकांनी ओरडा केला, कृष्ण पुन्हा गातो. कथानक थांबलं तरी चालतं. नाटक पहाटेपर्यंत लांबलं तरी चालतं. प्रेक्षक नाटकाच्या लांबीत हात घालतो.

ऑपेरातही हे एकेकाळी चाले. मग शिस्त आली. मेटमध्ये एखादं गाणं पुन्हा गाणं ही आता बातमी होते. दोनिझेत्तीच्या 'ला फिय द्यु रेजिमाँ'मध्ये नायकाला एकाच गाण्यात नऊ वेळा अगदी वरचा 'सी' लावावा लागतो. २००८ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस यांनी तो टाळ्यांखातर पुन्हा गायला. २०१९ मध्ये हावियेर कामारेना यांनी तो पुन्हा गायला तो चक्क सिनेमागृहांत चाललेल्या प्रक्षेपणात. न्यूयॉर्कमधल्या लोकांनी वन्समोअर मिळवला आणि तो जगभरच्या सिनेमागृहांना फुकटात मिळाला.

नेमकं इथेच बोचतं. सिनेमागृहातल्या प्रेक्षकाला वन्समोअर मागता येत नाही. दुसऱ्याने मागितलेला तो फक्त पाहू शकतो. नरिमन पॉइंटला तोस्काचं गाणं संपल्यावर न्यूयॉर्कमधल्या टाळ्या स्पीकरमधून आल्या. आमच्यातल्या तीन-चार जणांनी हात वर केले, एकमेकांकडे पाहिलं, दोनदा वाजवले आणि खाली घेतले. गायिकेपर्यंत ते पोचणार नव्हते. टाळी कुणासाठी वाजवायची हेच कळत नव्हतं.

यावर तुम्ही म्हणाल, मग मोबाइलवर बघ. यूट्यूब आहे, मेटची स्वतःची ऑन डिमांड सेवा आहे. २६ जानेवारी २०२५ ला अहमदाबादचा कोल्डप्लेचा कार्यक्रम हॉटस्टारवर लाइव्ह होता, कितीतरी जणांनी तो गादीवर लोळून पाहिला. मीही ऑपेरा मोबाइलवर पाहिलाय. अडचण पडद्याच्या आकाराची नाही, अंगठ्याची आहे. ऑपेरात एकच भाव दहा मिनिटं चालतो. तिसऱ्या मिनिटाला अंगठा आपोआप पुढे सरकवतो. सिनेमागृहाचं मोठेपण डॉल्बीत नाही. तिथे पॉज नाही, दीडपट वेग नाही आणि शेजारी अनोळखी माणूसही तेवढाच अडकलेला आहे, यात ते आहे. टाळी पोचत नसली तरी कंटाळा आणि अवघडलेपण वाटून घेता येतं. त्यातूनच कधीतरी, पाचव्या-सहाव्या मिनिटाला, गाणं आत शिरतं.

*

हे सगळं एका ऑपेरात माझ्यासाठी एकत्र आलं, म्हणून त्याच्याबद्दल सांगतो. फिलिप ग्लास यांचा 'सत्याग्रह'. १९८० मध्ये रॉटरडॅमला पहिल्यांदा झाला. नायक गांधी, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांतले. भाषा संस्कृत. अख्खा ऑपेरा भगवद्गीतेतल्या श्लोकांवर रचलाय. मेटने तो १९ नोव्हेंबर २०११ रोजी सिनेमागृहांत दाखवला. फेलिम मॅकडरमॉट आणि ज्युलियन क्राउच यांनी तो बसवला होता, गांधींच्या भूमिकेत रिचर्ड क्रॉफ्ट. मी तो रेकॉर्डिंगवर पाहिला, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

इतर ऑपेरांत खाली सबटायटल येतात. या प्रयोगात मेटने समोरच्या खुर्चीच्या पाठीवर दिसणारी भाषांतरंही बंद ठेवली होती. मोजक्या ओळी रंगमंचावरच्या भिंतींवर आणि वर्तमानपत्रांवर उमटत. वर्तमानपत्र हेच इथलं मुख्य साहित्य. गांधींनी दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन' चालवलं, तो धागा धरून कागदाचे लगदे, कागदाचे अवाढव्य बाहुले, कागदाच्या लाटा. गाण्यात घटना सांगितलीच जात नाही. समोर मोर्चा आहे, गायला गीता आहे.

अमेरिकन प्रेक्षकासाठी ही भाषा निव्वळ ध्वनी. मराठी कानाची गंमत वेगळी. शब्द ओळखीचे, उच्चार परके, अर्थ अर्धामुर्धा, चाल तर कधीच न ऐकलेली. आजोबांच्या पोथीतला श्लोक कुणीतरी हळूहळू ताणून पुलाएवढा लांब केलाय असं वाटतं. शेवटच्या अंकात मागे उंचावर मार्टिन ल्यूथर किंग पाठमोरे उभे राहून भाषण करताहेत, त्यांचा आवाज येत नाही. पुढे गांधी आठ स्वरांची एक चढती ओळ गातात. पुन्हा तीच. पुन्हा तीच. तब्बल तीस वेळा.

ही स्वरमालिका पाश्चात्त्य संगीतात फ्रिजियन म्हणतात. आपल्या कानाने ऐकली तर रे, ग, ध, नी कोमल. म्हणजे भैरवीचे स्वर. मैफल संपवताना आपण जिथे जातो, तिथेच ग्लास यांचे गांधी जाऊन थांबतात. ग्लास यांनी साठच्या दशकात पॅरिसमध्ये पंडित रविशंकर यांच्यासोबत काम केलं होतं. त्यावरून ही भैरवी तिकडून आली असं मी म्हणणार नाही. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे. पण इथल्या श्रोत्याला ते ऐकताना 'आता संपतंय' हे आतून कळतं, न्यूयॉर्कच्या श्रोत्याआधी कळतं. म्हणजे ही झेरॉक्स आमच्या गावात पोचल्यावर तिच्यात एक अर्थ वाढतो, जो मूळ प्रतीत नव्हता.

आणि याच ऑपेराने प्रक्षेपणाची मर्यादाही दाखवून दिली. १ डिसेंबर २०११ ला त्या मोसमातला शेवटचा प्रयोग होता. ऑक्युपाय आंदोलनाचे दिवस. आत गांधींचा ऑपेरा, बाहेर लिंकन सेंटरच्या आवारात पोलिसांचे अडथळे आणि त्यांच्यापलीकडे निदर्शक. प्रयोग संपल्यावर ग्लास स्वतः बाहेर गेले आणि ऑपेराच्या शेवटच्या ओळी त्यांनी गर्दीला म्हणून दाखवल्या. लाउडस्पीकर नव्हता, म्हणून ते एक तुकडा म्हणत आणि जमाव तो मोठ्याने पुन्हा म्हणे, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. त्या संध्याकाळी मेटचा खरा प्रयोग पायऱ्यांवर झाला असं मला वाटतं. तो एचडीमध्ये नाही. प्रक्षेपण बारा दिवस आधी झालं होतं, आणि त्या दिवशी झालं असतं तरी कॅमेरे आतच होते.

*

आता आमच्या गावाकडे.

पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. एकनाथांचं गाव. नाथांच्या भारुडात एक माणूस उभा राहून भूमिका घेतो, गातो, समोरच्यांना चिमटे काढतो. संगीत नाटकाच्या कितीतरी आधी ही कला इथल्या मातीत होती. १९३५ साली प्रभातने एकनाथांवर चित्रपट काढला, व्ही. शांताराम दिग्दर्शक, आणि एकनाथ झाले बालगंधर्व. नाव ठेवलं होतं 'महात्मा'. त्यावरून गांधींची आठवण होते म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि चित्रपट 'धर्मात्मा' नावाने आला. आयुष्यभर रंगमंचावर स्त्री भूमिका केलेला माणूस पडद्यावर पुरुष म्हणून उभा राहिला. नंतर ते पुन्हा रंगमंचाकडे गेले. पडदा त्यांना मानवला नाही असं लोक म्हणतात. मला वाटतं, पडद्याने त्यांना ते जे करत होते ते करूच दिलं नाही. शकुंतला, भामिनी, सिंधू यांतलं कुणीही कॅमेऱ्यासमोर, प्रेक्षकांच्या वन्समोअरसकट, जसं होत होतं तसं टिपलं गेलं असतं तर? रेकॉर्डवरचा आवाज आपल्याकडे आहे. भरलेल्या नाट्यगृहात तो आवाज आणि तो चेहरा एकत्र पाहायला मिळत नाही.

आजच्या गायक नटांबद्दल हेच होऊ द्यायचं का? संगीत नाटक करणारे आजही आहेत. प्राजक्त देशमुखांच्या 'संगीत देवबाभळी'त दोन बायका रंगमंचावर स्वतः गायच्या, आणि ते पाहायला माझ्या वयाची मुलं गर्दी करायची. उस्मानपुऱ्यातलं संत एकनाथ रंगमंदिर आहे, निराला बाजारातलं तापडिया नाट्यमंदिर आहे. इथलं मल्टिप्लेक्स अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दरवर्षी सबटायटलवाले सिनेमे दाखवतं आणि कॉलेजची पोरं ते बघतात. २०२३ च्या विश्वचषकाचे सामने देशभरच्या मल्टिप्लेक्सांत दाखवले गेले. म्हणजे तंत्र आहे, पडदा आहे, अनोळखी भाषेत दोन तास बसायची तयारी असलेला प्रेक्षक आहे. पुण्यातल्या एखाद्या संगीत नाटकाचा प्रयोग जसाच्या तसा, त्याच संध्याकाळी, संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या पडद्यांवर लागत नाही, याला तांत्रिक कारण उरलेलं नाही. घड्याळाची अडचणही नाही.

आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझाही आहे. प्रयोग पडद्यावर मिळू लागला की नाटकाचा संच गावात येणार कशाला? सेटचा ट्रक, पंधरा माणसांची राहण्याची सोय, नाट्यगृहाचं भाडं, यापेक्षा एक फाइल पाठवणं स्वस्त. मग आमच्या वाट्याला कायमची फाइल.

मेटचा इतिहास इथे उपयोगी पडतो. ही संस्था दरवर्षी अमेरिकेतल्या शहरांचा दौरा करायची. खर्च पेलेना म्हणून १९८६ नंतर तो बंद पडला. प्रक्षेपण सुरू झालं २००६ मध्ये. म्हणजे दौरा पडद्याने मारला नाही, तो वीस वर्षं आधीच गेला होता. पडदा त्या रिकाम्या जागेत आला. पण हेही खरं की पडदा आल्यावर दौरा परत आला नाही. आपल्याकडे दौरे अजून पूर्ण थांबलेले नाहीत. निर्णय घ्यायला आपल्याकडे अजून वेळ आहे, जो त्यांच्याकडे नव्हता.

म्हणून माझी मागणी दोन भागांची आहे आणि दुसरा भाग गाळून पहिला नको. संगीत नाटकाचा प्रयोग पडद्यावर आणा, पण प्रयोग आणा: पार्श्वगायन नाही, रीटेक नाही, सूर हलला तर हललेला दाखवा, वन्समोअर मिळाला तर तो कापू नका, आणि सहा जण एकत्र गाताना कॅमेरा जरा मागे ठेवा. अंकांच्या मध्ये मुलाखती नकोत, सेट कसा हलतो ते दाखवा. आणि ज्या गावात हा पडदा लागेल, त्या गावात वर्षभरात तो संच स्वतः यायला हवा. पडद्यावर पाहून गेलेले लोकच त्याची तिकिटं काढतील. मी काढेन. बाबांसाठीही काढेन.

बाबांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मग असं होतं. पडद्यावरचा प्रयोग सिनेमा नाही आणि नाटकही नाही. तो नाटकाचा लांबून आलेला, खरा, पण एकतर्फी निरोप आहे. निरोप आला तर माणूस येईल अशी आशा धरता येते. फक्त निरोपावर बोळवण केली, तर मात्र बाबा म्हणतात तेच खरं: मुंबईला जाऊन सिनेमाच बघून आलो.